ग्रंथगृहाचा पाहुणा

पोर्तुगाल देशातील पोर्तो शहरात लेल्लो नावाचे पुस्तकांचे एक जुने दुकान आहे. त्याची आजची वास्तू १९०६ साली उघडली. तेथला तांबडा, वळणदार जिना आणि वरचे रंगीत काचांचे छत पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी येऊ लागले आणि हळूहळू अशी दाटी झाली की, ज्याला खरोखर पुस्तक हवे त्याला फडताळापर्यंत पोहोचणे कठीण होऊन बसले. अखेर २०१५ साली चालकांनी दाराशी तिकीट लावले. मात्र त्यात एक मेख ठेवली. आत जाऊन पुस्तक विकत घेतले, तर तिकिटाचे पैसे पुस्तकाच्या किमतीतून वजा होतात. म्हणजे वाचकाला प्रवेश मोकळा आणि नुसत्या पाहणाऱ्याला मात्र भुर्दंड.

ही हकीकत आम्ही आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना सांगितली, तेव्हा त्यांना ती मुळीच रुचली नाही. त्यांचा मुलगा परदेशी असतो; तो जेथे जाईल तेथल्या प्रसिद्ध स्थळांची छायाचित्रे पाठवतो आणि त्यांत असली ग्रंथगृहेही असतात. "सरस्वतीच्या मंदिराच्या दाराशीही नाणे मोजून घ्यायचे काय?" असे ते म्हणाले. त्यांच्या उद्गारात तथ्य नाही असे नाही. पुस्तकांच्या दुकानाचा उंबरठा हा साऱ्या बाजारातील सर्वांत उदार उंबरठा होय. कापडाच्या दुकानात चार ठाण उलगडायला लावून हात हलवीत परतणाऱ्याला दुकानदाराची नजर चुकवावी लागते. पुस्तकांच्या दुकानात तासभर उभे राहून, दहा पुस्तके चाळून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. ही उदारता तिकिटाने उणावते, हे खरे. परंतु तिचा लाभ घेणारा मनुष्य तिच्या बदल्यात काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न तिकीट काढून टाकल्याने सुटत नाही. उलट तिकीट नसते तेव्हाच तो नीतीचा प्रश्न होतो. तिकीट आले की तो केवळ हिशेबाचा उरतो.

आपल्या संस्कारांत 'दर्शन' या शब्दाला मोठी किंमत आहे. आषाढीच्या गर्दीत ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, तो कळसाला हात जोडतो आणि आपली वारी पावली असे समजून समाधानाने परत फिरतो. त्याच न्यायाने ग्रंथगृहाचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला का कमी लेखावे, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद मनाला भुरळ घालणारा आहे खरा. पण वारीकडे जरा नीट पाहिले की तो उलटतो. आळंदीहून निघालेला वारकरी जे दिवस चालतो, त्या सर्व दिवसांत ज्ञानोबा-तुकोबांची वाणी त्याच्या मुखी असते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हरिपाठ पाठ असतो. तो कळसापाशी पोहोचतो तेव्हा त्याचे वाचन, ऐकीव का होईना, आधीच होऊन चुकलेले असते. त्या वाचनाने त्याला तेथवर चालवीत आणलेले असते. ज्याच्या ओठी एकही अभंग नाही आणि जो मोटारीतून उतरून कळसाचे छायाचित्र घेऊन परततो, त्याला दर्शन घडले असे वारकरीही म्हणणार नाही.

यावर आणखी एक आक्षेप संभवतो. आपण किल्ले पाहतो, लेणी पाहतो. तेथे कोणी आपल्याला 'तुम्ही काय दिले?' असे विचारीत नाही. मग ग्रंथगृहालाच हा अपवाद कशासाठी? याचे उत्तर असे की, किल्ल्याचे आयुष्य संपलेले असते. त्याला आता लढाई करायची नाही. तो पाहण्यापुरताच उरला आहे आणि पाहिल्याने त्याचे काम पुरे होते. दुकानाचे तसे नाही. त्याला पुढल्या महिन्याचे भाडे द्यायचे असते, नोकरांचे पगार करायचे असतात. कौतुकाने भाडे भागत नाही. मुंबईतील 'स्ट्रँड बुक स्टॉल' आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहातील लहानशा जागेत त्याचा आरंभ केला आणि पुढे फोर्टमध्ये त्याची कीर्ती झाली. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. २००९ साली ते गेले. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. दुकान बंद पडायला अनेक कारणे असतात: जागेची महागाई, घरबसल्या सवलतीत पुस्तक मिळण्याची सोय, बदलत्या सवयी. त्यांत ग्राहकाला एकट्याला दोषी धरणे न्यायाचे होणार नाही. तथापि, त्या वेळी हळहळणारांत शेवटचे पुस्तक तेथून कधी घेतले हे ज्यांना आठवत नव्हते असेही पुष्कळ असावेत, असे आम्हांस वाटते.

पॅरिस शहरातील एका दुकानाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ साली तेथे 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे दुकान काढले. जेम्स जॉइस यांची 'युलिसिस' ही कादंबरी छापण्याचे धाडस कोणी करीना, तेव्हा १९२२ साली या दुकानदार बाईंनीच ती प्रसिद्ध केली. जर्मनांनी पॅरिस व्यापल्यावर १९४१ साली ते दुकान बंद पडले. पुढे जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ साली नोत्रदामच्या समोर, सीन नदीच्या काठी दुसरे दुकान उघडले आणि १९६४ साली त्याला तेच जुने नाव दिले. या दुकानात वाटसरू लेखकांना फडताळांच्या मधल्या बाकांवर रात्री झोपू देत. भाडे काही नाही. अटी मात्र तीन होत्या. दुकानाच्या कामाला थोडा वेळ हातभार लावायचा, आपली एका पानाची आत्मकथा लिहून द्यायची आणि रोज एक पुस्तक वाचायचे. पोर्तोच्या दुकानाने पाहुण्याकडून पैसे मागितले. पॅरिसच्या दुकानाने वाचन मागितले. देणे आहे, हे मात्र दोघांनीही मानले.

इतका वेळ आम्ही परदेशाच्या गोष्टी सांगितल्या. पण आपल्यासारख्या बदलीवर हिंडणाऱ्यांना परदेश फार दूर नसतो. आपले पूर्वज नर्मदेपलीकडच्या मुलखाला 'हिंदुस्थान' म्हणत आणि तिकडे जायचे म्हणजे परमुलखात जायचे असे समजत. आमची नेमणूक झाशीस झाली तेव्हा गावाकडच्या मंडळींनी अशाच स्वरात आमची विचारपूस केली होती. या परमुलखात झाशीपासून कानपूरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरांवर चिरगाव नावाचा कसबा आहे. लेल्लो किंवा पॅरिसचे ते दुकान यांच्या पंक्तीला बसेल असे एक ग्रंथगृह येथे उभे राहिले, हे सांगितले तर झाशीतील पुष्कळ मराठी कुटुंबांना नवल वाटेल.

हिंदीचे कवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म १८८६ साली चिरगावात झाला. प्रयाग किंवा काशीसारख्या विद्यानगरीत न जाता त्यांनी आपल्या कसब्यातच 'साहित्य सदन' ही प्रकाशन संस्था उभी केली. त्यांचे धाकटे बंधू सियारामशरण हेही नामांकित लेखक. दोघा भावांचे ग्रंथ येथून निघत आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर 'साहित्य सदन, चिरगाँव (झाँसी)' एवढाच पत्ता असे. आज तो पत्ता साधा वाटतो. पण जेथे मोठी बाजारपेठ नाही, विद्यापीठ नाही, अशा जागेहून टपाल आणि रेल्वे यांच्या भरवशावर पुस्तके देशभर पाठवायची, हे धाडस लहान नव्हे. केवळ स्वतःच्याच कवितेसाठी हे घर बांधले होते असेही नाही. मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीच्या 'पदमावत'वरील वासुदेवशरण अग्रवालांची 'संजीवनी व्याख्या' १९५५ साली याच रामभक्ताच्या सदनातून प्रसिद्ध झाली आणि १९५६ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. गुप्तजी १९५२ पासून राज्यसभेचे सभासद होते. १९६४ साली ते निवर्तले. सियारामशरण त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते.

चिरगावला जायचा बेत आम्ही कचेरीत बोलून दाखवला, तेव्हा एका मित्राने सहज विचारले, "तेथे पाहण्यासारखे काय आहे?" प्रश्न सरळ होता. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना झाशीचा किल्ला दाखवतो, ओरछ्याची मंदिरे दाखवतो, सवड असेल तर खजुराहोपर्यंत नेतो. चिरगावात वळणदार जिना नाही. एका रविवारी आम्ही गेलो; बाजारातून जाताना एका वृद्ध दुकानदाराला गुप्तजींच्या घराचा रस्ता विचारला. "दद्दा के यहाँ?" असे म्हणून त्याने हाताने दिशा दाखविली. गुप्तजींना सारे 'दद्दा' म्हणत, हे आम्ही वाचले होते. परंतु ते जाऊन साठ वर्षे लोटल्यावरही, दद्दा आत्ता घरीच असतील अशा स्वरात तो बोलला. गाव पाहून व्हायला फार वेळ लागला नाही. मित्राचा प्रश्न त्याच्या परीने बरोबर होता: तेथे पाहण्यासारखे फारसे नाही. जे आहे ते वाचण्यासारखे आहे.

ते काय, हे सांगितले पाहिजे. गुप्तजींचे 'साकेत' हे रामकथेवरील महाकाव्य १९३१च्या सुमारास पूर्ण झाले. रामकथा आपल्याला मोरोपंतांपासून माडगूळकरांपर्यंत परिचित आहे. मग ती हिंदीत पुन्हा कशाला वाचावी? कारण 'साकेत'चा जीव वनात गेलेल्यांत नाही, मागे राहिलेल्यांत आहे. राम, सीता आणि लक्ष्मण वनात गेले. लक्ष्मणाची पत्नी ऊर्मिला चौदा वर्षे अयोध्येत राहिली. कवींनी तिची उपेक्षा केली, अशी तक्रार रवींद्रनाथांनी बंगालीत आणि महावीरप्रसाद द्विवेदींनी हिंदीत केली होती. गुप्तजींनी नववा सर्ग जवळजवळ सगळा तिच्या विरहाला वाहिला. आमच्या माहितीत असे कितीतरी मराठी नोकर आहेत की, ज्यांची बिऱ्हाडे मुलांच्या शाळेपायी किंवा आईवडिलांच्या आजारापायी नाशिकला, साताऱ्याला राहिली आहेत आणि जे स्वतः परप्रांतात एका खोलीत डबा खाऊन दिवस काढीत आहेत. अशा माणसाला आपण वनवासी आहोत असे वाटत असते. 'साकेत' त्याला वनवासाची दुसरी बाजू दाखवते. हे काव्य आम्ही झाशीच्या नेमणुकीतच वाचले आणि त्यानंतर घरी जाणाऱ्या आमच्या पत्रांचा सूर पालटला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

झाशीच्या मराठी माणसावर हे ऋण आणखी एका कारणाने आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली हिंदुस्थानात आले आणि १८५८च्या वेढ्यात झाशीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. शहर पडल्यावर प्राणहानी झाली, लूट झाली. पण त्याबरोबरच राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याचे दुःखही या भिक्षुक ब्राह्मणाने आवर्जून नोंदवून ठेवले आहे. तो संग्रह नेवाळकरांच्या दरबाराने, म्हणजे एका मराठी घराण्याने, बुंदेलखंडाच्या भूमीवर जपला होता. हस्तलिखितांच्या त्या काळात ग्रंथ हवा असणाऱ्याने पोथीसमोर मांडी घालून बसायचे आणि अक्षर अक्षर उतरवून घ्यायचे, अशी रीत होती. पाहून परतणारा पाहुणा तेथे संभवतच नव्हता; ज्याने उतरवून घेतले त्याच्यापाशीच ग्रंथ गेला. आणि मूळ पोथी जळाली तरी अशा एखाद्या नकलेच्या रूपाने ती वाचण्याची आशा राही. पाहुण्याचे श्रम यजमानाच्याच कामी येत. झाशीचा तो संग्रह गेल्यानंतर अवघ्या काही दशकांत, तेथून काही कोसांवर, एका हिंदी कवीने पुन्हा ग्रंथांचे घर मांडले. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आपल्याला मात्र तो जोडता यावा.

आता खरी अडचण. आपण मराठी माणसे येथे आपली भाषा टिकविण्याची धडपड करीत असतो. मुले शाळेत हिंदी बोलतात, घरी येऊन हिंदीतच भांडतात. महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाला नाटक बसवायचे तर 'ळ' नीट उच्चारणारी चार मुले मिळत नाहीत. दिवसभर फायली उपसल्यावर संध्याकाळचा जो एक तास हाती उरतो, तो मराठीला द्यावा की यजमानांच्या भाषेला? जो मराठीला देतो त्याला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ती निष्ठा आहे आणि निष्ठेला मोल असते. येथे ऋण आणि निष्ठा यांचा झगडा आहे, आणि तो नाही असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मात्र हिंदी आपण वाचतच नाही, अशी स्थिती नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत 'प्रवीण', 'प्राज्ञ' या परीक्षा असतात. ठराविक गुण मिळाले तर वर्षभर एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतनही पदरात पडते. सप्टेंबरात हिंदी पंधरवडा येतो, निबंधाच्या स्पर्धा होतात. 'अनुमोदनार्थ प्रस्तुत' आणि 'आवश्यक कार्यवाही हेतु' हे शब्द आपल्या लेखणीतून झोपेतही उतरतात. म्हणजे यजमानाच्या घरातील कचेरीची खोली आपण रोज वापरतो. त्याच्या माजघरात मात्र कधी डोकावत नाही. एखादा पाहुणा दहा वर्षे कोणाच्या ओटीवर राहावा आणि घरच्यांशी कामापलीकडे एक शब्द बोलू नये, तशातलाच हा प्रकार आहे.

ज्यांनी हे माजघर पाहिले त्यांनी आपली भाषा गमावली असेही दिसत नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पुढे त्यांनीच दासबोध आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, या आपल्या रीतीला हे धरूनच झाले. गजानन माधव मुक्तिबोध यांनी हिंदी कविता लिहिली आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी मराठी. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या. हे सारे तिकडेच वाढलेले लोक, आपण आज येथे तर उद्या दुसरीकडे, असे कोणी म्हणेल. त्याला द्विवेदींचेच उदाहरण देता येईल. 'सरस्वती'चे संपादक होण्यापूर्वी ते रेल्वेच्या नोकरीत होते आणि झाशीच्याच कचेरीत काम करीत होते. कागदपत्रे हातावेगळी करून उरलेल्या वेळात हा मनुष्य भाषांचा अभ्यास करी. त्याला मराठी येत होती. गुप्तजींना व्रजभाषेतून खडी बोलीकडे वळविणारे, 'सरस्वती'तून त्यांची कविता लोकांपुढे आणणारे तेच. ज्या कारकुनाने आपल्या भाषेचा उंबरठा ओलांडला होता, त्याच्याच हातून चिरगावच्या कवीला वाट सापडली. त्याने आपल्याकडे येण्याचे श्रम घेतले. आपण त्याच्याकडे जायला सबबी सांगाव्यात, हे शोभत नाही. लिपी तर एकच आहे.

तेव्हा निष्ठा आणि ऋण यांचा तंटा तोडता येईल असे काही आम्हांस सुचले आहे, ते फार मोठे नाही. रोज एक पुस्तक, ही पॅरिसची अट संसारी माणसाला झेपणारी नाही. परंतु प्रत्येक नेमणुकीला एक पुस्तक, एवढे कोणालाही झेपेल. ज्या गावाचे किंवा मुलखाचे पाणी आपण तीन-चार वर्षे प्यालो, तेथल्या एका लेखकाचे एक पुस्तक तेथल्याच दुकानातून विकत घ्यावे, बदलीच्या हुकुमापूर्वी ते वाचून संपवावे, आणि जमल्यास त्याविषयी चार ओळी मराठीत लिहून आपल्या माणसांना सांगाव्यात. अशा लिहिण्याने मराठीचे काही कमी होत नाही. तिच्यात भरच पडते. संध्याकाळचा तास कोणाचा, हा वादही मग उरत नाही, कारण तो दोघींच्याही कामी येतो.

बदलीच्या वेळी पुस्तकांचे ओझे होते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो आणि ती खरीही आहे. कित्येकदा सामान बांधताना पहिली गदा त्यांच्यावरच येते. परंतु सबंध नोकरीत सात किंवा आठ बदल्या झाल्या, तर या हिशेबाने पुस्तके सात किंवा आठच होतात. एका लहान ट्रंकेच्या कोपऱ्यात ती मावतात. झाशीच्या वाट्याची जागा आम्ही 'साकेत'ला दिली आहे.